पद मॅडमचं, सही कुणाची?

माध्यमिक आणि उच्च माध्यमिक वर्गांच्या विभागप्रमुख असलेल्या इंदूरच्या शिक्षिकांची पत्रं या अंकासाठी निवडली आहेत. नाव छापू नका, अशी बहुतेकींची विनंती आहे, म्हणून फक्त विषय आणि वस्ती दिली आहे. उत्तरं सीबीएसईच्या खासगी शाळा डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. मध्य प्रदेश मंडळाच्या शाळांत गुणांची विभागणी वेगळी असते, कामाची पद्धत मात्र तिथंही चालेल.

एप्रिलपासून मी विज्ञान विभागाची एचओडी (विभागप्रमुख) आहे. विभागात आम्ही नऊ जण. दोन सर माझ्याहून दहा-बारा वर्षं सीनियर आहेत. मीटिंगमध्ये "हो मॅडम" म्हणतात, पण पेपर वेळेवर देत नाहीत. काही अडलं की सरळ प्रिन्सिपल सरांच्या केबिनमध्ये जातात. एक जण तर सगळ्यांसमोर मला "बेटा" म्हणतात. राहिलेले पेपर शेवटी मीच रात्री बसून काढते. काय करू?
— विज्ञान शिक्षिका, सुदामानगर

आधी एक गोष्ट बंद करा: रात्री बसून दुसऱ्याचा पेपर काढणं. तुम्ही तो एकदा काढलात की विभागाला एवढंच कळतं, की सरांनी नाही दिला तरी पेपर होतो. दुसऱ्यांदा ती सवय होते आणि तिसऱ्यांदा तोच नियम. पेपर अडला तर तो कुणामुळे अडला हे दिसायला हवं, आणि तुम्ही तो काढून दिला की नेमकं तेच झाकलं जातं.

आता मुळाकडे जाऊ. तुमच्या नेमणुकीचं पत्र काढून वाचा. बऱ्याच शाळांत ते दोन ओळींचं असतं, काही ठिकाणी तर असेंब्लीत नुसती घोषणा होते. काम कोणतं आणि अधिकार कोणता, हे कुठंच लिहिलेलं नसतं. सीनियर पुरुष विभागप्रमुख असला तर हे खपून जातं, कारण त्याचा अधिकार सगळे गृहीत धरतात. तुमचा कुणी धरत नाही. म्हणून तो कागदावर आणून घ्यायचा. प्रिन्सिपलना अर्ध्या पानाचा मसुदा स्वतः करून द्या, कारण "मला अधिकार द्या" अशी नुसती मागणी केली की उत्तर "बघू" असं येतं. मसुद्यात पाच गोष्टी हव्यात. पेपर कोण काढणार हे ठरवणं आणि छपाईआधीची शेवटची सही तुमची. विभागातल्या प्रत्येकाचा वर्ग पाहण्याचा अधिकार तुमचा. विभागातल्या विभागात पीरियड बदलायचे तर ते तुम्हाला विचारून. प्रयोगशाळेच्या खरेदीची मागणी तुमच्या सहीनं जाणार. आणि वार्षिक मूल्यमापनात तुमचा लेखी अभिप्राय जोडला जाणार. त्यातल्या तीन मिळाल्या तरी घ्या, पण पेपरावरची सही सोडू नका. बाकी सगळं त्या सहीवर उभं आहे.

केबिनमध्ये थेट जाण्याबद्दल तुम्ही त्या सरांशी बोलून काही होणार नाही. बोलायचं ते प्रिन्सिपलशी, आणि मागायचं एकच वाक्य: विभागातला कुणीही आला की त्यांनी पहिल्यांदा "मॅडमशी बोललात का?" एवढं विचारावं. हे वाक्य दोन-तीन वेळा ऐकावं लागलं की केबिनची वाट आपोआप बंद होते. प्रिन्सिपलनी ते विचारलं नाही, तर तुम्ही मीटिंगमध्ये कितीही ठामपणे बोला, उपयोग नाही.

पेपरांच्या तारखा उलट्या मोजून लावा. सहामाही २८ सप्टेंबरला सुरू होणार असेल तर पेपर प्रिन्सिपलकडे ११ सप्टेंबरपर्यंत पोचले पाहिजेत. तुमची तपासणी ३ ते १० सप्टेंबर. पहिला मसुदा उत्तरसूचीसकट २ सप्टेंबरला. ब्लूप्रिंट, म्हणजे कोणत्या घटकाला किती गुण याचा आराखडा, २० ऑगस्टला. उत्तरसूची पेपरासोबतच मागा. ती नंतर मागितली की प्रश्नातली चूक परीक्षा हॉलमध्ये सापडते. नववी-दहावीच्या ८० गुणांच्या पेपरात निम्मे गुण क्षमताधारित प्रश्नांना, म्हणजे पाठांतरापेक्षा समज तपासणाऱ्या प्रश्नांना असतात. सीनियर शिक्षकांचे जुने पेपर नेमके इथंच कमी पडतात, म्हणून ब्लूप्रिंटमध्ये त्याचा वेगळा रकाना ठेवा.

मीटिंग संपली की त्याच दिवशी तीन रकान्यांचा तक्ता ग्रुपवर टाका: काम, कुणाचं, कधीपर्यंत. कल्पना कुणाची हेही लिहा. मीटिंगमध्ये बाईनं सुचवलेलं हवेत विरतं आणि दहा मिनिटांनी तेच सरांनी म्हटलं की मान्य होतं, हे पुष्कळ जणींच्या पत्रांत आहे. त्यावर भांडत बसण्यापेक्षा तक्त्यात नावानिशी नोंद करणं जास्त टिकतं.

तारीख उलटली तर दुसऱ्या दिवशी दोन ओळींचा लेखी निरोप, फक्त त्यांनाच. चौथ्या दिवशी प्रिन्सिपलसमोर तिघांनी बसायचं. तरीही नाही आला तर तो पेपर दुसऱ्या शिक्षकाला द्यायचा आणि ते तक्त्यात नोंदवायचं. स्टाफरूममध्ये चारचौघांत आठवण करून देऊ नका. वयानं मोठ्या माणसाला सगळ्यांसमोर टोकलं की मूळ विषय बाजूला पडतो आणि तुमचा "टोन" हाच विषय होतो.

"बेटा"चं एकदाच, एकांतात आणि सरळ बोला: "सर, एरवी बेटा म्हणा, मला आवडतं. मीटिंगमध्ये मात्र मॅडम म्हणा किंवा नावानं हाक मारा, कारण तिथं नवे शिक्षक असतात." बहुतेक माणसं एवढ्यानं थांबतात. आणि त्यांच्या अनुभवाला खरं काम द्या. बारावीच्या गेल्या पाच वर्षांच्या निकालात कोणत्या घटकात गुण जातात, हे शोधायला तुमच्याकडे त्यांच्याइतका योग्य माणूस नाही. हे खुशामत म्हणून देऊ नका. विभागाला ते हवंच आहे.

एचओडी झाल्यावर पीरियड कमी होतील असं सांगितलं होतं. अजून आठवड्याला ३२ आहेत. त्यावर अरेंजमेंट (गैरहजर शिक्षकांचे तास), त्यावर कॉप्या म्हणजे वह्या तपासणं, आणि कार्यक्रम असला की रांगोळी, स्वागत, सूत्रसंचालन आम्हा बायकांकडेच. पीरियड कमी करा म्हटलं तर "सगळ्यांनाच आहेत" असं उत्तर येतं.
— गणित-विज्ञान विभाग, तिलकनगर

"खूप काम आहे" या वाक्याला शाळेत काही किंमत नाही, कारण ते सगळेच म्हणतात. हिशेब मांडून न्या. तो असा मांडता येईल. आकडे तुमच्या शाळेप्रमाणे बदला.

शनिवार अर्धा धरून आठवड्याचे ४४ पीरियड, प्रत्येकी ४० मिनिटांचे. शिकवण्याचे ३२ गेले, १२ उरले. अरेंजमेंटचे सरासरी ४ गेले, ८ उरले. तुमच्याकडे पाच सेक्शन, प्रत्येकी ४० मुलं, म्हणजे २०० वह्या. पंधरा दिवसांतून एकदा तपासायच्या, वहीमागे ३ मिनिटं: ६०० मिनिटं, म्हणजे १५ पीरियड. आठवड्याला साडेसात. उरला अर्धा पीरियड.

आता विभागप्रमुखाचं काम. नऊ शिक्षकांचा प्रत्येकी एक वर्ग दोन महिन्यांत पाहायचा आणि त्यावर वीस मिनिटं बोलायचं, तर आठवड्याला तासापेक्षा थोडं जास्त. सहावी ते बारावीचे अकरा पेपर, प्रत्येकी दीड तास तपासणी, दहा आठवड्यांत एकदा: आठवड्याला सुमारे पावणेदोन तास. २२ सेक्शनमधून प्रत्येकी तीन वह्या महिन्यातून एकदा नमुन्याला घ्यायच्या, पाच मिनिटांप्रमाणे साडेपाच तास: आठवड्याला जवळजवळ दीड. मीटिंग आणि तिचा तक्ता अर्धा तास. प्रयोगशाळेचं स्टॉक रजिस्टर आणि पालकांच्या भेटी मिळून सव्वा तास. बेरीज सहा तास, म्हणजे नऊ पीरियड. हातात अर्धा आहे. आठवड्याचे बाकीचे साडेआठ पीरियड रात्री घरी जातात.

मागणी काय करायची तेही हिशेबातूनच निघतं. शिकवण्याचे २६, अरेंजमेंट जास्तीत जास्त २, आणि एक सेक्शन कमी. मग ४४ मधून २८ गेले, १६ उरले. चार सेक्शनच्या वह्यांना ६ गेले, १० उरले. नऊ पीरियडांचं काम त्यात बसतं. तो सोडलेला सेक्शन कोण घेणार, हेही तुम्हीच सुचवा. टाइमटेबल बनवणाऱ्याला नेमका हाच प्रश्न पडतो आणि उत्तर नसलं की अर्ज फायलीत जातो. विभागात कुणाचे पीरियड २६ पेक्षा कमी आहेत ते पाहा. कुणीच नसेल तर शाळेत शिक्षक कमी आहेत. सीबीएसईच्या संलग्नतेच्या नियमांत सेक्शनमागे दीड शिक्षक हे प्रमाण दिलेलं आहे. ते भांडणासाठी काढू नका, पण आकडा माहीत असू द्या. आणि हे सगळं मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात, नवं टाइमटेबल बनायच्या आधी न्या. जुलैत कुणी टाइमटेबल उघडत नाही.

रांगोळी-स्वागताचं म्हणाल तर विभागातल्या सगळ्यांची, पुरुषांसकट, अकारविल्हे यादी लावा आणि कामं पाळीनं फिरवा. ताटातला हार आणि कुंकू सरांनाही धरता येतं. वरून थेट तुमच्या नावानं काम आलं तर नाही म्हणू नका, असं म्हणा: "करते. त्या आठवड्यात प्री-बोर्डचे सहा पेपर माझ्याकडे तपासायला आहेत. दोन्हींपैकी कोणतं पुढं ढकलू, ते सांगा." निवड त्यांना करू द्या.

मी जीवशास्त्राची. फिजिक्सच्या सरांचा वर्ग पाहायला गेले तर म्हणाले, "मॅडम, यात तुम्हाला काय कळणार?" त्यांच्या मुलांचे प्रॅक्टिकलचे रेकॉर्ड अर्धवट असतात हे मला माहीत आहे.
— उच्च माध्यमिक विभाग, लोकमान्यनगर

विषय त्यांचा, वर्ग मात्र शाळेचा. गतीची समीकरणं बरोबर आहेत की नाही, हे तुम्ही तपासू नका. ते दुसऱ्या फिजिक्स शिक्षकाकडून उत्तरसूची तपासून घेतली की होतं. तुम्ही जे पाहायचं त्याला फिजिक्स लागत नाही. बाराव्या मिनिटापर्यंत कुणाला प्रश्न विचारला का? पाच प्रश्न विचारले, ते सगळे पुढच्या दोन बाकांनाच का? चाळीस जणांपैकी किती जणांनी काही लिहिलं? हे वेळेसकट लिहा, विशेषणं नकोत. "वर्ग निरस होता" असं लिहिलंत तर वाद होईल. "१०.०५ ते १०.१७ फळ्यावर लेखन, या वेळेत मुलांना प्रश्न नाही" यावर वाद घालायला जागा नाही.

दोन दिवस आधी सांगून जा, आणि त्यांनाच विचारा की काय पाहू. बोलणं चोवीस तासांच्या आत, लॅबमध्ये किंवा रिकाम्या वर्गात. बदलायची गोष्ट एकच सांगा. सगळ्यांत आधी त्यांना तुमचा वर्ग पाहायला बोलवा आणि त्यांनी लिहिलेला अभिप्राय मीटिंगमध्ये स्वतः वाचून दाखवा. इतरांचे वर्ग पाहायचा मार्ग तिथून मोकळा होतो.

रेकॉर्डचा प्रश्न जास्त गंभीर आहे. बारावीच्या फिजिक्स प्रॅक्टिकलचे ३० गुण असतात: दोन प्रयोगांचे ७ आणि ७, रेकॉर्डचे ५, अ‍ॅक्टिव्हिटीचे ३, प्रोजेक्टचे ३ आणि तोंडीचे ५. रेकॉर्ड अर्धवट असलं की ५ तर जातातच, तोंडीतही मूल अडखळतं, कारण न केलेल्या प्रयोगावर प्रश्न येतो. शाळांची प्रॅक्टिकल जानेवारीत सुरू होतात आणि गुण त्याच दिवशी पोर्टलवर चढतात. नंतर दुरुस्ती होत नाही. म्हणून भिंतीवर तक्ता लावा, आडवे प्रयोग, उभे रोल नंबर, तारीख मुलानं स्वतः घालायची. ऑगस्टअखेर निम्मे प्रयोग, नोव्हेंबरअखेर सगळे. तक्ता तिन्ही विषयांचा लावा, तुमच्या जीवशास्त्राचा सगळ्यांत आधी. एकट्या फिजिक्सचा लावलात तर तो आरोप वाटेल.

पालक येतात आणि "सरांना भेटायचंय" म्हणतात. मी एचओडी आहे म्हटलं तरी नजर दुसरीकडे. भंवरकुआंला कोचिंग लावलेलं असतं, त्यामुळे शाळेत जे चालतं ते बिनकामाचं, असं त्यांना वाटतं.
— रसायनशास्त्र, अन्नपूर्णा रोड

पीटीएमला (पालक-शिक्षक भेटीला) टेबलावर नाव आणि पदाची पट्टी हवी. शिपाई आणि रिसेप्शनला सांगून ठेवा की अकरावी-बारावी विज्ञानाचा पालक आधी तुमच्याकडे येईल. सहकाऱ्यांनी "मॅडम बघतात ते" एवढं म्हणून पालकाला तुमच्याकडे वळवायचं. तुम्ही स्वतः पद सांगण्यापेक्षा त्याचा परिणाम जास्त होतो. बोलताना मुलाची हजेरी आणि रेकॉर्ड समोर ठेवा. बोर्डाच्या परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते. कोचिंगमध्ये बुडालेल्या मुलाची हजेरी ऑक्टोबरात ६० वर आली असेल तर उरलेल्या दिवसांत ती किती वर जाऊ शकते, हे तिथल्या तिथं कागदावर करून दाखवा. मग "सर कुठं आहेत" हे कुणी विचारत नाही.

ग्रुपवर रात्री साडेदहापर्यंत मेसेज येतात. उत्तर दिलं नाही तर सकाळी ऐकावं लागतं. आणि नेमकं महालक्ष्म्यांच्या दिवसांत सहामाही असते. सासूबाई काही म्हणत नाहीत, पण सोळा भाज्या आणि पेपरांचे गठ्ठे एकाच ओट्यावर असतात.
— समाजशास्त्र विभाग, रामबाग

महालक्ष्म्यांचं उत्तर पंचांगात आहे, आणि ते एप्रिलमध्ये पाहायचं असतं. २०२६ साली अधिक ज्येष्ठ आल्यामुळे गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, महालक्ष्म्या त्याच आठवड्यात, आणि अनंत चतुर्दशी २५ ला. अनंत चतुर्दशीला झांक्यांची, म्हणजे देखाव्यांची, मिरवणूक रात्रभर चालते, त्यानंतर इंदुरात मुलं जागी कुठं असतात! परीक्षेचं वेळापत्रक ठरायच्या बैठकीत या तारखा तुम्ही ठेवा: सहामाही १० सप्टेंबरच्या आत संपवा किंवा २८ पासून सुरू करा. कारण देताना "घरी महालक्ष्म्या आहेत" असं सांगू नका. अर्धा स्टाफ त्या दिवसांत रजा मागतो आणि निरीक्षणाच्या ड्यूट्या कोलमडतात, असं सांगा. दोन्ही खरं आहे, पण शाळेचं वेळापत्रक दुसऱ्या कारणानंच हलतं. मार्चमध्ये रंगपंचमीच्या गेरेचा (रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीचा) दिवसही असाच आधी मोजून ठेवा. त्या दिवशी पेपर तपासणीचं शिबिर लावलं की कुणी पोचत नाही.

ग्रुपचा नियम विभागाच्या पहिल्याच मीटिंगमध्ये करा: संध्याकाळी ७ नंतरच्या मेसेजला उत्तर सकाळी ७.३० ला. खरंच तातडीचं असेल तर फोन करायचा. आणि हा नियम पहिल्यांदा तुम्हीच मोडू नका. रात्री अकराला सुचलेलं लिहून ठेवा, सकाळी पाठवा.

मला सातवा महिना आहे. सुटीवरून आल्यावर एचओडी दुसऱ्याला देतील, असं कानावर आलंय.
— इंग्रजी विभाग, विजयनगर

पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवडे पगारी रजा मिळते, त्यातले जास्तीत जास्त ८ प्रसूतीआधी घेता येतात. या रजेवर असताना नोकरीच्या अटी बाईच्या तोट्याच्या होतील अशा बदलता येत नाहीत. अडचण इथं आहे: तुमचं विभागप्रमुखपद नेमणूक पत्रात पद म्हणून, भत्त्यासह लिहिलेलं असेल तर हे संरक्षण स्पष्ट आहे. तोंडी दिलेली "जबाबदारी" असेल तर शाळा म्हणते की ती काढली तरी अटी बदलल्या नाहीत. म्हणून रजेच्या अर्जासोबतच दुसरं पत्र द्या: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत विभागाचा प्रभार अमुक शिक्षकांकडे, आणि मी रुजू झाल्यावर तो माझ्याकडे परत. "प्रभारी" हा शब्द त्यात असू द्या. पोच घ्या.

प्रभार देताना एकच फाइल करा: पेपरांचं वेळापत्रक, ब्लूप्रिंट, कुणाचे वर्ग पाहिले आणि काय ठरलं, अंतर्गत मूल्यमापनाच्या २० गुणांच्या नोंदी कुठं आहेत, कोणत्या पालकांशी बोलणं अर्धवट राहिलंय. ही फाइल नीट असली की रजेत रोज फोन येत नाहीत. शाळेत ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय करणं शाळेवर बंधनकारक आहे आणि दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येतं. शाळेत ती खोली कुठं आहे, हे रजेवर जाण्याआधीच विचारा.

प्रॅक्टिकलच्या दिवशी बाहेरचे परीक्षक संध्याकाळपर्यंत थांबतात. गेल्या वर्षी त्यांचं बोलणं आणि वागणं ठीक नव्हतं. शाळेत म्हणाले, "गुण त्यांच्या हातात आहेत, जाऊ द्या." मी प्रमुख असून माझ्या ज्युनियर शिक्षिकेला काही आधार देऊ शकले नाही.
— विज्ञान विभाग, पत्ता न देण्याची विनंती

जाऊ देऊ नका. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक शाळेत, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार, अंतर्गत समिती असलीच पाहिजे. अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला सदस्य, आणि एक सदस्य शाळेबाहेरची व्यक्ती. परीक्षक शाळेचा कर्मचारी नसला तरी तुमच्या समितीकडे तक्रार करता येते. बाहेरून येणाऱ्यांपासून सुरक्षित जागा देणं हेही शाळेचंच काम आहे. तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. गेल्या वर्षीच्या प्रसंगाची मुदत गेली असेल, तरी त्या शिक्षिकेकडून तारीख, वेळ, कोण हजर होतं, नेमके शब्द काय, हे आता लिहून घ्या आणि तिची इच्छा असेल तर समितीकडे द्या. ठरवायचं तिनं, तुम्ही किंवा शाळेनं नाही.

यंदाच्या प्रॅक्टिकलसाठी आजच ठरवा: लॅबमध्ये परीक्षकासोबत कुठलीही शिक्षिका एकटी नसेल, लॅब असिस्टंट गुण चढेपर्यंत थांबेल, दार उघडं राहील, चहा-जेवण ऑफिसात होईल आणि परीक्षकाशी फोनवरचं बोलणं शाळेच्या नंबरवरून. समितीच्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर स्टाफरूमच्या भिंतीवर लावा. अजून समिती बनलेलीच नसेल, तर प्रिन्सिपलना लेखी विचारा आणि त्या पत्राची प्रत जवळ ठेवा.